पऱ्हाटी म्हणजे लाकूड आहे, तिला लाकडाचा भाव मिळू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या पेपरात कुठं ना कुठं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांच्या, गंजीला आग लागल्याची बातमी येतेच, त्यात कोणाचा गोठा जातो, कोणाचे पाइप जळतात, कधी बांधलेली जनावरं होरपळतात. बातमी वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण ती गंजी तिथं का पडून होती, तिला कोणी गिऱ्हाईक का नव्हतं, यावर मात्र काही लिहून येत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वेचणी संपली, शेळ्या-मेंढ्या चारून झाल्या की पऱ्हाटी उपटायला मजूर लावायचे. चिमट्यानं एकेक झाड ओढून काढायचं, हाताला फोड येतात, कमरेचं काम आहे ते, मग बायका ढीग घालतात, त्यातली थोडी चुलीसाठी घरी येते, थोडी कुंपणाला लागते, थोडी धुऱ्यावर गंजी मारून ठेवतात आणि उरलेलीला संध्याकाळी वारा पडला की काडी लावायची. आणि हे सगळं पैसे खर्चून, उपटायची मजुरी शेतकऱ्याच्या खिशातून जाते. ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे तो आता श्रेडर किंवा रोटाव्हेटर मारून मोकळा होतो, त्यालाही डिझेल लागतंच. गावात कोणाला म्हटलं की याचे पैसे होऊ शकतात तर सरळ उत्तर येतं, "आता पऱ्हाटीले कोण पुसते बापा".

माल किती आहे ते बघा ना. हेक्टरी दोन ते तीन टन वाळलेली पऱ्हाटी निघते, म्हणजे एकरी साधारण टनभर धरा. महाराष्ट्रात दरवर्षी 40 लाख हेक्टरच्या आसपास कापूस असतो आणि त्यातला मोठा भाग आपल्या विदर्भात. ढोबळ हिशोब केला तरी राज्यात 80 लाख टनांच्या वर माल होतो, दरवर्षी, न चुकता, कापसाला भाव असो नसो.

आता ही पऱ्हाटी नेमकी काय वस्तू आहे ते हातात घेऊन पाहिलं पाहिजे. बुडाशी अंगठ्याएवढी जाड, वर बारीक होत गेलेली. ओली असताना नखानं साल सुटी करून ओढली तर बुडापासून शेंड्यापर्यंत एक लांब पट्टी निघते आणि ती हातानं तुटत नाही, आमच्याकडं अजूनही तिनंच भारा बांधतात. साल काढल्यावर आत पांढरं, घट्ट लाकूड आणि मधोमध बारीकसा भेंडासारखा मऊ गाभा. म्हणजे वर चिवट तंतू आणि आत लाकूड, दोन्ही एकाच काडीत. शास्त्रज्ञांनी तपासलं तर सेल्युलोज, लिग्निन वगैरेचं प्रमाण जंगलातल्या कठीण लाकडाच्या जवळपास निघालं. गव्हाचा किंवा धानाचा भुसा आणि पऱ्हाटी यांना एकाच मापात मोजणं म्हणून चुकीचं आहे, हे लाकूडच आहे, फक्त आठ महिन्यात तयार होणारं.

कंपोझिट हा शब्द हल्ली सगळीकडं ऐकू येतो, नॅचरल फायबर कंपोझिट, ग्रीन कंपोझिट, बायो कंपोझिट. प्रकार सोपा आहे. घराच्या स्लॅबमध्ये जसं सळया ताण घेतात आणि सिमेंट त्यांना धरून ठेवतं तसं इथं वनस्पतीचे तंतू ताण घेतात आणि प्लास्टिक किंवा रेझिन (गोंदासारखं चिकटून घट्ट होणारं रसायन) त्यांना धरून ठेवतं. आजवर हे काम काचेचे तंतू करत आलेत, आपण ज्याला फायबरची टाकी, फायबरचे पत्रे म्हणतो ते. काचेच्या तंतूची घनता अडीचच्या वर, वनस्पतीच्या तंतूची दीडच्या आसपास, त्यामुळं वस्तू हलकी होते, कापताना हाताला काच टोचत नाही, अंगाला खाज सुटत नाही, आणि तंतू वावरात उगवतो, काच वितळवायला भट्टी पेटवावी लागत नाही. अडचणीही आहेत. वनस्पतीचा तंतू पाणी ओढून घेतो आणि प्लास्टिकला पाणी नको असतं, त्यामुळं दोघांचं नीट जमत नाही, म्हणून तंतू आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढतात नाहीतर प्लास्टिकमध्ये दोघांना जोडणारं केमिकल थोडं मिसळतात. शिवाय 200 डिग्रीच्या वर तंतू करपायला लागतो, म्हणून पॉलिप्रॉपिलीन सारखं त्याच्या आत वितळणारं प्लास्टिक वापरतात.

हे काही कालपरवाचं खूळ नाही. पूर्व जर्मनीत 1957 पासून ट्रॅबंट नावाची गाडी निघायची, तिचे बाहेरचे पॅनल पत्र्याचे नव्हते, गिरणीतला टाकाऊ कापूस फिनॉल रेझिनमध्ये दाबून बनवलेले होते, कारण देशात पत्र्याची टंचाई होती आणि कापूस सोव्हिएत युनियनमधून येत होता. अशा तीस लाखांच्या आसपास गाड्या रस्त्यावर आल्या. त्या पॅनलला गंज चढायचा नाही. पण गाडी मोडीत निघाल्यावर त्याचं काय करायचं हा प्रश्न उरला, वितळत नाही आणि जाळलं तर विषारी धूर, हेही सांगायला पाहिजे, कारण नुसता तंतू नैसर्गिक असून भागत नाही, त्याला धरणारं रेझिन कोणतं हेही बघावं लागतं. पुढं अमेरिकेत फोर्ड कंपनीनं 2010 च्या फ्लेक्स गाडीत मागच्या सीटजवळचे खण गव्हाचं काड मिसळलेल्या प्लास्टिकचे केले. युरोपातल्या कितीतरी गाड्यांच्या दाराच्या आतल्या पॅनलमध्ये जवस, अंबाडीच्या जातीची केनाफ, हेम्प यांचे तंतू असतात. त्यातलं जवस आणि अंबाडी आपल्याकडं पिढ्यानपिढ्या पिकतंय आणि आपण त्याच्या काड्या चुलीत घालतोय, हे वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पण गाडीच्या पार्टपर्यंत लगेच उडी मारायची गरज नाही असं माझं मत आहे. गाडीवाल्यांना एकसारखा तंतू लागतो, प्रत्येक लॉटची टेस्ट लागते, ते गावपातळीवर पहिल्या दिवशी जमणार नाही. पार्टिकल बोर्ड, म्हणजे चुरा रेझिनमध्ये कालवून दाबलेली फळी, मात्र जमण्यासारखं आहे. मुंबईच्या माटुंग्याला 1924 पासून कापसावर काम करणारी सिरकॉट ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिनं पऱ्हाटीपासून बोर्ड करायची पद्धत कित्येक वर्षांपूर्वी बसवलेली आहे, आणि तिचं जिनिंग ट्रेनिंग सेंटर आपल्या नागपुरातच आहे. पद्धत अशी की काड्यांचे आधी बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, मग मिलमध्ये आणखी बारीक करायचे, वाळवायचे, शंभर किलो चुऱ्याला साधारण आठ-दहा किलो रेझिन फवारून कालवायचं, साच्यात थर पसरायचा, वर-खाली बारीक आणि मधे जाडसर, आणि गरम प्रेसमध्ये दाबायचं. मागं एका कृषी प्रदर्शनात असा तुकडा हाती घेऊन पाहिला होता. फिकट पिवळसर रंग, त्यात सालीचे काळपट ठिपके, कड पाहिली तर तिन्ही थर वेगळे दिसत होते, आणि स्क्रू मारून दाखवला तो हातानं हलला नाही. भारतीय मानक आयएस 3087 पार्टिकल बोर्डसाठी आहे, त्याच्या शीर्षकातच लाकूड आणि इतर लिग्नोसेल्युलोज पदार्थ असं म्हटलंय, म्हणजे पऱ्हाटीच्या बोर्डाला कायद्यानं कुठं आडकाठी नाही, टेस्टमध्ये पास झाला की तो बोर्डच.

आता हरियाणात यमुनानगरला बघा. तिथल्या शेतकऱ्यांनी शेताच्या कडेनं पॉप्लर आणि निलगिरी लावली, आजूबाजूला प्लायवूड आणि बोर्डाचे कारखाने उभे राहिले, शेतकऱ्याची ट्रॉली काट्यावर जाते आणि वजनावर पैसे मिळतात. त्यांचं झाड तयार व्हायला वर्षं लागतात. आमची पऱ्हाटी दर साल येते आणि तिच्यासाठी वेगळी जमीन नाही, वेगळं पाणी नाही, वेगळं खत नाही, ते सगळं कापसाच्या खात्यात आधीच खर्च झालेलं असतं. तरी आमच्या तालुक्याच्या फर्निचरवाल्याकडं येणारा बोर्ड बाहेरून ट्रकनं येतो आणि तो ट्रक ज्या रस्त्यानं येतो त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी जळत असते.

मग अडतं कुठं? माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण वाहतुकीची आहे, तंत्र नंतर येतं. अख्खी पऱ्हाटी ट्रॉलीत भरली तर ट्रॉली वरपर्यंत दिसते पण काट्यावर वजन काहीच नाही, आत सगळी हवा. त्या भाड्यात कारखान्याला परवडत नाही आणि शेतकऱ्याला तर नाहीच नाही. म्हणून कुट्टी वावरात किंवा निदान गावाशी झाली पाहिजे. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारी चिपर, म्हणजे कुट्टी करणारी मशीन मिळते, ती गावोगाव फिरवता येते, कुट्टी केली की त्याच ट्रॉलीत कितीतरी पट माल बसतो. दुसरं म्हणजे माल जानेवारी ते मार्च या तीन महिन्यातच निघणार आणि कारखाना बारा महिने चालवायचा, त्यासाठी शेड पाहिजे, कारण एक जोरदार अवकाळी आली की उघड्यावरची कुट्टी सडलीच समजा. तिसरं, माती. उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळ्यांना आपली काळी माती घट्ट धरून असते आणि ती मशीनच्या ब्लेडचा जीव घेते, त्यामुळं झटकून, वाळवून देणाऱ्याला जास्त दर असं काहीतरी ठेवावं लागेल. तुराट्यांचंही असंच आहे, त्या तर अजून टणक.

आणि बोर्डाचे दोष लपवायचे नाहीत. साधा युरिया फॉर्मल्डिहाइडचा बोर्ड पावसात भिजला तर फुगतो, मग लोक म्हणतात पऱ्हाटीचा म्हणून फुगला, खरं तर लाकडाचा पार्टिकल बोर्ड सुद्धा तसाच फुगतो. उधईचा बंदोबस्त करावा लागतो. जिथं ओल आहे तिथं महागडं फिनॉलचं रेझिन वापरावं नाहीतर तिथं हा बोर्ड लावूच नये. बाथरूमच्या दाराला हा बोर्ड विकणारा माणूस या धंद्याचं नाव एका पावसाळ्यात बुडवेल.

सध्या पऱ्हाटीला गिऱ्हाईक अजिबातच नाही असं नाही. काही भागात ब्रिकेटवाले, म्हणजे पांढरा कोळसा बनवणारे, कुट्टी घेतात, बॉयलरला जातं ते. औष्णिक वीज केंद्रात कोळशासोबत बायोमास पेलेट जाळायचं केंद्राचं धोरणही आहे आणि आपल्याकडं कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस अशी केंद्रं आहेत. वावरात फुकट जाळण्यापेक्षा हे शंभर पट बरं, कोणी करत असेल तर त्याला नावं ठेवायची नाहीत. पण बॉयलरवाला उष्णतेचे पैसे देतो, तो कोळशाच्या भावाशी तुलना करूनच दर देणार. तंतूचे, लाकडाचे पैसे तो देणार नाही, त्याला त्याचं काय. आधी बोर्ड होऊ द्या, बेंच होऊ द्या, दार होऊ द्या, पंधरा-वीस वर्षं वापरू द्या आणि चुरा, तुकडे, फारच मातकट माल जो उरेल तो बॉयलरला जाऊ द्या.

यात अजून एक फायदा आहे ज्यावर कृषी विभागानंच जोर द्यायला पाहिजे, तो म्हणजे गुलाबी बोंडअळी. 2017 च्या हंगामात तिनं आमच्या भागाची काय दशा केली ते अजून कोणी विसरलं नाही. ही अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडात सुप्त अवस्थेत बसते आणि पुढच्या हंगामात तिथूनच निघते. म्हणून दरवर्षी सांगतात फरदड (वेचणी झाल्यावरही पीक उभं ठेवून घेतलेला जास्तीचा कापूस) घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करा, पऱ्हाटीच्या गंज्या धुऱ्यावर ठेवू नका. सल्ला एकदम बरोबर आहे. पण ज्या मालाला भाव नाही तो वेळेवर कोण उचलणार? फरदडीतून निदान चार पैसे तरी निघतात असं वाटतं माणसाला. उद्या जानेवारीत गावात चिपर आली आणि जागेवर वजन करून पैसे हातात पडले तर कोणाला सांगायची गरज पडणार नाही, लोक स्वतःहून शेत मोकळं करतील, आणि कुट्टीत बोंडासकट अळीही जाते. फक्त कुट्टी लगेच झाली पाहिजे, नाहीतर कारखान्याच्या आवारात अख्ख्या पऱ्हाटीचे डोंगर रचून ठेवले तर अळीची वस्ती तिथं होईल.

अंबाडीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडं आता अंबाडी भाजीपुरती आणि शरबतापुरती राहिली, पण आधी प्रत्येकाच्या वावरात कडेनं दोन ओळी असायच्याच. कापून पेंढ्या बांधायच्या, नाल्याच्या डोहात दगड ठेवून बुडवायच्या, कुजून साल सुटायला लागली की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सोलायची, त्या पाण्याचा वास दिवसभर अंगाला राहायचा. मग वाख धुवून वाळत घालायचा आणि पोळ्याच्या आधी म्हातारी माणसं ओसरीवर बसून दावी, कासरे, वेसणी वळायची. नायलॉनची दोरी आली आणि हे सगळं संपलं. नाल्याला पाणीही राहिलं नाही म्हणा. तोच वाख आज पॉलिप्रॉपिलीनमध्ये टाकून गाडीचं पॅनल होतं. जवसाचंही तसंच, आपण दाणा घेतो, चटणी करतो, तेल काढतो आणि काडी फेकतो. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर चांगलं काम चालतं, तिथं आपल्या वाणांच्या काडीतून कसा तंतू निघतो यावरही जोर दिला पाहिजे. युरोपातल्या उंच जवसासारखा लांब धागा आपल्या बुटक्या झाडातून निघणार नाही, पण बोर्डाला आणि पॅनलला आखूड तंतूही चालतो, कापड थोडंच विणायचंय. अकोट-अंजनगावकडं केळी आहे, घड उतरवला की खोड तोडून बांधावर फेकतात, त्यातूनही चांगला चमकदार तंतू निघतो, मशीन साधी आहे.

काही गोष्टींना मात्र हात लावू नये. सोयाबीनचं कुटार जनावरांचं आहे, चारा आधीच महाग झालाय, ते बोर्डात घालायच्या भानगडीत पडू नये. पूर्वेकडच्या धानाच्या तणसीचंही तेच, बैल जोवर आहेत तोवर ती त्यांची. आणि ज्या घरी शेत नाही ती माणसं मालकाच्या वावरातून जळणाला पऱ्हाटी आणतात, सिलिंडर भरायला परवडत नाही म्हणून आणतात, कारखान्यानं भाव दिला की मालक ती बंद करणार हे उघड आहे. त्या बायकांची चूल विझवून हा धंदा उभा राहू नये. त्यांनाच गोळा करायचं, कुट्टीचं काम आणि किलोमागे ठरलेली मजुरी मिळाली, बचत गटाला चिपर मिळाली तर गोष्ट वेगळी. काही लोक म्हणतात सगळं मातीत गाडा, सेंद्रिय कर्ब वाढेल. पालापाचोळा, मुळ्या, बारीक फांद्या जरूर राहू द्या, दर तिसऱ्या-चौथ्या वर्षी सगळीच कुट्टी वावरात टाका, माझा विरोध नाही. पण आज ती मातीतही जात नाही आणि बाजारातही जात नाही, धूर होऊन जाते, वाद त्याबद्दल आहे.

शेवटी प्रश्न गिऱ्हाइकाचा. बंगालच्या तागाला सरकारनं 1987 चा कायदा करून गिऱ्हाईक दिलं, धान्य तागाच्या पोत्यातच भरा म्हणून सक्ती केली, म्हणून आजही ताग उत्पादक आणि गिरण्या टिकून आहेत. नारळाच्या सोडणासाठी 1953 साली कायदा झाला, त्यातून कॉयर बोर्ड आलं आणि सोडणापासून दोरी, पायपुसणी, गाद्या, कुंड्या असा केवढा पसारा झाला. दोन्हीकडं सरकारनं वस्तूला पाठबळ दिलं, तागाला तर हक्काचं गिऱ्हाईकच मिळालं. पऱ्हाटीला असा कायदा कोणी मागत नाहीये. जिल्हा परिषदेच्या शाळांचे बेंच, अंगणवाडीची कपाटं, ग्रामपंचायतीची टेबलं, आश्रमशाळेचे पलंग, ही खरेदी दरवर्षी सरकारी पैशातून होतेच. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यात त्या टेंडरमध्ये एवढीच अट घाला की आयएस 3087 पास झालेला, शेतातल्या अवशेषापासून बनलेला बोर्ड ठरावीक टक्के वापरला पाहिजे. पाच वर्षांसाठी घाला, मग बघू. गिऱ्हाईक पक्कं आहे म्हटल्यावर बँकवाला पण कर्जाच्या फाइलला हात लावेल, नाहीतर आज एफपीओवाले (शेतकरी उत्पादक कंपनीवाले) प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन गेले की पहिला प्रश्न हाच येतो की माल घेणार कोण.

यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी लाइन कापूस बाहेर न्यायला टाकली होती, कापूस गेला आणि कापड परत आलं. पऱ्हाटीचं तसं होऊ नये म्हणून म्हणतो की निदान कुट्टी, वाळवण आणि बोर्ड दाबणं एवढं तालुक्यात राहिलं पाहिजे. 1934 मध्ये वर्ध्यातच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि मगनवाडीत आजही ग्रामीण औद्योगिकीकरणाची केंद्रीय संस्था, एमगिरी, काम करतेय. नागपूरला सिरकॉटचं सेंटर, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, वर्ध्याला एमगिरी. या तिघांनी मिळून एका तालुक्यात, एका हंगामासाठी, शेतकऱ्यांच्या देखत एक युनिट चालवून दाखवावं. टनामागे शेतकऱ्याला किती पडले, कुट्टीला किती खर्च आला, बोर्ड किती रुपये चौरस फुटानं पडला, पावसाळ्यात तो किती फुगला, सगळं उघडं मांडावं. परवडत नसेल तर तेही कळू द्या.

आणि संपादक साहेब, आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. विदर्भात कोणी एफपीओ, बचत गट किंवा कारखानदार पऱ्हाटीपासून बोर्ड करत असेल, सुरू करून बंद पडला असेल तरीही, त्याच्याकडं जाऊन सविस्तर लिहा, हिशोबासकट. पुढच्या जानेवारीच्या आत आलं तर आमच्या गावातले आठ-दहा जण बघायला जायला तयार आहेत.

आपला नियमित वाचक,
एक कापूस उत्पादक शेतकरी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ